वाटीभर रक्त आणि दोन नळ्या

काय सांगू तुम्हाला, एवढं शिकून मी स्वतःची शोभा करून घेतली ती कुरुंद्याला, मामांच्या ओसरीवर. चहा घ्या, सांगतो.

माझं काम प्लॅस्टिकचं. बादल्या-मग नव्हे हो! रक्त साध्या प्लॅस्टिकला लागलं की गोठायला लागतं. ते गोठू नये म्हणून आम्ही प्रयोगशाळेत नळ्यांना आतून खास लेप चढवतो. हे सगळं मी मामांना जेवताना रंगवून सांगितलं. कधी? त्यांचं डायलिसिस सुरू होणार, त्याच्या आदल्या दिवशी. आहे की नाही अक्कल?

मामांनी घास खाली ठेवला. "म्हंजे माझं रगत नळीत गोठणार? मंग मी न्हाई जात."

तिथं रक्त पातळ ठेवायचं औषध देतात, हे मी परोपरीनं सांगितलं. मामा ढिम्म. पाय सुजायला लागले. मामी माझ्याशी बोलेनाशी झाली. माणूस हातचा जातो की काय, या भीतीनं मला अन्न गोड लागेना.

मग मला प्रयोग सुचला. बॅगेत नमुन्याच्या दोन नळ्या होत्या, एक साधी, एक लेपाची. मामांचे दोस्त किसनतात्या, त्यांचं मटणाचं दुकान. त्यांच्याकडून वाटीभर ताजं रक्त आणलं आणि ओसरीवर दोन्ही नळ्या भरल्या.

"बघा मामा, साधीत गोठेल, लेपाच्या नळीत नाही. दवाखान्यातली नळी अशीच चांगली असते."

शेजारीपाजारी जमले. बराच वेळ थांबून मी नळ्या उलट्या केल्या. दोन्हींतून रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"काहून रे," मामी म्हणाली, "ह्यात तर काईच फरक न्हाई."

मामांचा चेहरा मात्र खुलला. "साध्या नळीतबी गोठत न्हाई की! उगंच भेव दावलंस लेका. चल, गाडी काढ."

त्यांना पोचवून मी थेट तात्यांचं दुकान गाठलं.

"अरे, वाटंत गोठू नये म्हणून मीठ टाकून बराबर घोटून दिलं," तात्या म्हणाले. "शहरातलं लेकरू, त्येला कशाला तकलीफ?"

आता खरं सांगावं, तर मामा पुन्हा घरी बसणार. गप्प बसलो. इतक्या वर्षांचं काम त्या वाटीत बुडालं, याची चुटपुट अजून जात नाही.

मामा आता नेमानं डायलिसिसला जातात. परवा मी सोबत होतो. शेजारच्या खाटेवरचा नवा पेशंट घाबरला होता. मामा त्याला म्हणाले, "भिऊ नका. नळी एकदम चांगली हाय. ह्यो आमचा भाचा इतकी वर्षं तिला लेप लावून राहिला, पण त्याच्याबिगर काई अडत न्हाई. इचारा त्येलाच."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "व्हय."