तिला तू इंग्रजीत सांग

“ह्या चिनी मुलींना कसली आलीय लाज? त्यांच्यात सगळं चालतं,” दिवाणावरच्या बाई म्हणाल्या आणि तिळाची वडी तोंडात टाकली.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बेंगळुरूतल्या त्या मराठी घरात मी पेइंग गेस्ट होते. काका सरकारी कारखान्यात इंजिनियर, काकू घरी. मी वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्या वाटत होते. ‘चिनी’ म्हणजे माझी रूममेट, नागालँडची, नर्सिंग शिकणारी. ती समोरच जिन्याच्या पायरीवर बसली होती. बाहेरच्या कुणाला मराठी कळत नाही, म्हणून त्या घरात माणसाच्या तोंडावर काहीही बोललं जायचं.

चार दिवसांपूर्वी शिवाजीनगरच्या बसस्टॉपवर एकाने तिच्या छातीला हात घातला. तिने त्याची कॉलर धरली आणि ओढत चौकीवर नेलं. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळाली. तिला विचारलं, कुठल्या पार्लरमध्ये काम करतेस? मग जीपमधून घरी सोडलं. ती जीप सगळ्या गल्लीने पाहिली.

“स्वल्प तरी रीत नको?” काकू म्हणाल्या. “आपल्या मुली गेल्यात का कधी चौकीवर?”

“कुत्रीसुद्धा खातात म्हणे, अक्का. तुमचा मोत्या सांभाळा!” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मोत्या दिवाणाखाली झोपला होता.

काकू माझ्याकडे वळल्या. “तू कॉन्व्हेंटची. तिला इंग्रजीत नीट सांग, रविवारपर्यंत खोली रिकामी कर म्हणावं. परीक्षा आहे म्हणून रडेल, ऐकू नकोस.”

मी मान हलवली. तेवढं मला नेहमीच जमायचं.

जूनमध्ये त्याच स्टॉपवर माझ्या बाबतीत तेच झालं होतं. मी कुणाची कॉलर धरली नाही. घरी आले आणि रडले. काकूंनी दूध गरम करून दिलं. “कुणाला बोलू नकोस हं, उद्या तुझं लग्न व्हायचंय,” म्हणाल्या. पुढे पंधरा दिवस काका छत्री घेऊन मला आणायला स्टॉपवर येत होते. किती चांगल्या घरात पडले, असं मी आईला पत्रातही लिहिलं. ते दूध माझ्या आडनावाला मिळालं होतं, हे मला त्या दुपारी कळलं, हातात गाळण्यांचं ताट असताना.

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द ऐकून ती माझ्याकडे बघत होती का, कोण जाणे. तिने इंग्रजीत हळूच विचारलं, काय म्हणतायत?

“सांग ना,” काकू म्हणाल्या. “चारचौघींसमोर झालेलं बरं.”

मी ताट टीपॉयवर ठेवलं. माझा आवाज बारीक निघाला, पण मराठीत निघाला.

“मी नाही सांगणार, काकू. जूनमध्ये त्याच स्टॉपवर मलाही धरलं होतं. तेव्हा मला का नाही काढलंत?”