सांत्वनाला नेलेली जीप

दुःखाच्या घरी बंद करता न येणारी गाडी नेऊ नये, आणि आपोआप बंद पडणारी तर मुळीच नेऊ नये. आमची जीप दोन्ही जातींत मोडत होती.

किन्हीराजा गावचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, अचानक गेले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी, आई आणि वडील रिसोडहून निघालो. काका गेल्यापासून मावशी रडलीच नव्हती. भिंतीला टेकून नुसती बसलेली, पाण्याचा घोटही बळेच घ्यायची. आईला त्याचीच धास्ती. "रडली नाई तं काळीज फुटन माय तिचं," असं ती रस्ताभर म्हणत होती.

जुन्या जीपला वडिलांनी मागाहून डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. सेल्फ-स्टार्टर मेलेला, त्यामुळे एकदा चालू झाली की बंद करायची सोय नाही (धक्का मारायला घरात आम्ही तिघंच!). धावताना ठीक, उभी राहिली की मात्र डुगडुग, मग श्वास कोंडल्यासारखी गप्प, मग पुन्हा डुग. घरात यंत्रांतला जाणकार मीच, कारण सायकलची उतरलेली चेन मी बसवायचो.

पोचल्यावर आई मावशीच्या गळ्यात पडून रडली, शेजारच्या बायका रडल्या. मावशी कोरडीच. बाहेर दारात जीप हुंदके देत राहिली.

आमच्याकडे अशा घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. आम्ही तसेच उठलो, जीपमध्ये बसलो, आणि ती विझली. सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांनी ढकलली, सुरू झाली, पुन्हा विझली. वडील कानकोंडे होऊन ओसरीवर परतले. आता दारात माणूस आलं की बायकांनी सूर धरायचा ही रीत, त्यांनी धरला. आईला पुन्हा रडावं लागलं. आणखी एकदा तसंच झालं, तेव्हा आईचे अश्रू संपले होते आणि ती माझ्याकडे रागानं पाहत होती.

पाहुण्यांपैकी कुणी डिझेलात पाणी असल्याचं सांगितलं, कुणी लिंबू उतरवायला. पुन्हा ढकलून सुरू झाल्यावर मी बॉनेट उघडलं. इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या चार नळ्यांचे नट एकेक करून ढिले करायचे. ज्या नळीनं आवाज बदलत नाही, तिथं रोग, असं मेस्त्रीला करताना मी पाहिलं होतं. पहिला नट ढिला केला. आवाज बसला आणि डिझेलची चिळकांडी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर! तो आवळून दुसरा ढिला केला. आवाज तस्साच.

"सापडलं!" मी ओरडलो.

ओसरीवरचं रडणं एकदम थांबलं. सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. त्या शांततेत फक्त जीप वाजत होती.

मावशी भिंतीपासून उठली आणि दारात आली. वडिलांनी मान खाली घातली. मी बॉनेट लावायला लागलो.

"राहू दे, इंजन बंद नको करू," ती म्हणाली. "आपल्या विहिरीवरचं इंजन असंच चाले. तुहे काका रोज म्हनत, उद्या पायतो. अन् मी घरी बसून आयकायची. असं वाजून राह्यलं म्हंजे ते मळ्यात हायेत."

एवढं बोलून ती उंबऱ्यावरच बसली आणि रडली. रीतीचं नव्हे, पोटातून. आईनं तिला कवेत घेतलं. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. हातात पाना धरून मी तसाच उभा राहिलो.

उन्हं उतरल्यावर मावशीनं आपणहून चहा मागितला. आम्ही निघालो तेव्हा ती जीपपाशी आली.

"भाऊजी, हा पोरगा इंजन सुदरवन तं नाई ना? तेरवीच्या दिवसावर याच गाडीनं या."

"त्याची चिंता तू करूच नको," वडील अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "याच्या हातून आजवर काई सुदरलं नाई."