कळंबपर्यंत ताशी वीस

जाताना ताशी वीस, येताना ताशी तीस, तर सरासरी वेग किती? चहाचा कप खालीही न ठेवता मी मुलीला सांगितलं, "पंचवीस. यात काय विचारायचं?" तिनं चाचणीत तेच लिहिलं आणि नापास झाली. एका मार्कानं. सोमवारी फेरचाचणी. तीही गेली तर रवानगी 'अ' तुकडीतून 'ब'मध्ये, आणि बालवाडीपासूनची मैत्रीण मात्र 'अ'मध्येच. पोरगी दोन दिवस जेवली, पण माझ्याशी बोलली नाही.

शाळेतल्या बाई उत्तर चोवीस म्हणत होत्या. मला बाईंचीच कीव आली. कचेरीत वीस वर्षं बेरजा मारलेला माणूस मी! म्हटलं, "चाल, करूनच पाहू." यवतमाळहून कळंब चोवीस किलोमीटर धरलं आणि रविवारी सकाळी निघालो. स्कूटरवर मागे मुलगी, तिच्या मनगटावर माझं घड्याळ.

काटा वीसवर ठेवून स्कूटर चालवणं म्हणजे चारचौघांत रांगणं. कापसाचा ट्रॅक्टर मागून पुढे गेला, वरून ड्रायव्हर ओरडला, "भाऊ, दोर टाकू का?" कळंबला पोचायला एक तास बारा मिनिटं लागली. पंचवीसच येऊ दे, असं तिथल्या चिंतामणी गणपतीला साकडं घातलं. देवाला गणितात ओढू नये, पण दुसरा वकील नव्हता.

येताना तीसनं निघालो, तर यवतमाळच्या अलीकडे अडकलो. त्या वर्षांत कापूस खरेदी केंद्राबाहेरची बैलबंड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. मुलीनं घड्याळ पाहून थांबलेला वेळ वेगळा टिपायला घेतला. बंडीत कापसावर पाय पसरून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय लिहून राह्यली वं बाई?"

तिनं सगळं सांगितलं.

"मंग हळू चालण्यातच जास्त वेळ गेला ना तुमचा? सरासरी हळूकडंच झुकन. आमचं पाहा ना, तिसरा दिवस हाय, अन् त्या लिंबापासून ह्या लिंबापर्यंत आलो. आता बैल पळवले तरी काय सुधरते?"

"काका, हे बीजगणित आहे," मी म्हणालो.

"असन. आमी रांगेत हाओ."

घरी पोचलो तेव्हा थांबलेला वेळ वगळून येण्याची अठ्ठेचाळीस मिनिटं भरली. जाऊन-येऊन दोन तास, अठ्ठेचाळीस किलोमीटर. मुलीनं भागाकार केला आणि मला न दाखवताच वही मिटली. सोमवारी तिनं एकूण अंतराला एकूण वेळेनं भागलं आणि 'अ'मध्येच राहिली.

मी ऐटीत बायकोला म्हणालो, "शेवटी प्रात्यक्षिक कोणी करून दाखवलं?"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच जी. आता उद्या तिचा इतिहास हाय. तुम्ही जरा बाहेर फिरून या."