नंदा बेसमेंटमध्ये मालिका बघते

नेपरव्हिलला हिमानीच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी काही मराठी बायका एक इंग्रजी मालिका बघायला जमत. एके काळी बंदी आलेल्या जुन्या कादंबरीवरची मालिका. नवरा आणि मूल सोडून दुसऱ्याकडे गेलेल्या बाईची गोष्ट. लांब झगे, घोडागाड्या, बर्फ. बर्फ तेवढा बाहेरही होता.

नंदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसे. तिनेही एकदा हेच केलं होतं. संजीवला आणि शाळकरी अनिकाला सोडून ती ऑफिसातल्या गुरुनाथकडे जवळच्याच शॉमबर्गला राहायला गेली. पुढे गुरुनाथ पुण्याला परतला, एकटाच. अनिका आईशी पुन्हा बोलली नाही. नंदा इथे येई ती संजीवच्या बहिणीसाठी, सुवर्णासाठी. तिच्या बोलण्यात लेकीचं काही कानावर पडे.

त्या रविवारी मालिकेतली बाई फाटकाबाहेरून मुलीला हाका मारत राहिली आणि नोकराने कडी घातली. बायका रडल्या. काही केलं तरी आईच ना ती, मोना म्हणाली. सुवर्णानेही चष्मा काढून डोळे पुसले. या रडण्यातलं थोडं आपल्याही वाट्याचं असेल, असं नंदाला वाटलं. शनिवारी अनिकाचं डोहाळजेवण होतं. आत्या म्हणून सुवर्णाच ते करणार होती.

"सुवर्णाताई, शनिवारी मी येऊ? ओटी भरून लगेच निघेन."

सुवर्णाने चष्मा पुन्हा घातला.

"पुस्तकात ही शेवटी जीव देते," ती म्हणाली. "तेवढी तरी लाज होती तिला."

मोना कुरकुरली, "काय यार ताई, एंड सांगून टाकलास."

सगळ्या हसल्या, सुटल्यासारख्या. हिमानीने चिवडा पुढे केला. नंदानेही मूठभर घेतला. उठून गेली असती तर ही खुर्चीही गेली असती.

डोहाळजेवण झालं. पुढच्या रविवारी फोटो बघायला सुवर्णाचा फोन हातोहात फिरत होता. हिरवी साडी काय शोभते, बायका म्हणत होत्या, आणि चेहऱ्यावर तेज किती आलंय. फोन नंदाच्या हातात आला तोवर स्क्रीन काळी झाली होती. तिने सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णा टीव्हीकडे पाहत होती. नंदाने फोन जरा वेळ तसाच धरला, मग शेजारणीकडे दिला.

एपिसोड सुरू झाला.