बांधावर वळणारा मोगऱ्या

बारवी धरणाच्या पाण्यालगत वीस घरांचा पाडा आहे. तिथली राही जन्मापासून डाव्या पायाने लुळी. पण बसल्या जागेवरून हुकूम सोडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. चौथीपर्यंत शाळा पाड्यातच होती. पाचवीची शाळा डांबरी रस्त्याने अर्ध्या कोसावर. बाप बदलापूरच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला, आई लोकांच्या शेतावर. उचलून नेणार कोण?

मुख्याध्यापक म्हणाले, "आठवडाभर बघतो. शनिवारपर्यंत आपली आपण आली तर ठीक, नाहीतर घरी शिकणाऱ्यांच्या यादीत नाव घालतो. बाई महिन्यातून दोनदा घरी येतील."

महिन्यातून दोनदा! राहीला भांडायला रोज माणसं लागत.

तिचा आजा, चंदू, याने सारा जन्म बैल शिकवण्यात घालवला होता. पाड्यात पॉवर टिलर आला, बैल गेले, आणि आजाच्या हातांना कामच उरलं नाही. ते त्याला कुत्र्यात सापडलं. दारातल्या दांडग्या काळ्या कुत्र्याला त्याने शेवटच्या पांढऱ्या बैलाचं नाव दिलं, मोगऱ्या. अंगावर चामडी पट्टा बांधला, पट्ट्यावर नांगराची मूठ बसवली. राहीच्या एका हातात मूठ, दुसऱ्यात काठी. शाळा सुरू होण्याआधी दोन महिने तिघे भाताच्या खाचरात फिरले होते, या बांधापासून त्या बांधापर्यंत, बांध आला की वळून परत. राही डगमगली की मोगऱ्या थांबायचा, पडली की आडवा उभा राहून तिला उठू द्यायचा.

"माज्या बैलांनी पण इतक्या लवकर नाय धरलं," आजा पाडाभर सांगत सुटला.

सोमवारी राही निघाली. वाटेत पहिला गतिरोधक आला. मोगऱ्याने त्याला पाय लावून पाहिला आणि शहाण्या बैलासारखा मागे वळला. राहीला वळावंच लागलं. घरी पोचली तेव्हा आई अजून दाराला कडी घालत होती.

"झाली शाला?"

"बांध आला," राही म्हणाली.

मंगळवारी आजाने गतिरोधकापलीकडे सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला. मोगऱ्याने लाळ गाळली, आणि वळला. बुधवारी गतिरोधकावर पेंढा पसरला. मोगऱ्या पेंढ्यावर घटकाभर बसला, मग वळला. गुरुवारी शेजारची कुंदाकाकी म्हणाली, "चंदूमामा, शालाच इकडं आना. कुत्र्यापरीस ती लवकर हलंल!" पाड्यातला अनंता म्हणाला, गतिरोधक काढायला अर्ज करू, दोन वर्षांत निकाल लागतो.

"दोन वर्षांत मी सातवीत जायला हवी," राही म्हणाली.

शुक्रवारी पाचव्यांदा घरी परतल्यावर तिने काठी आपटली. "आजा, तुजे बैल एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जायचे कसे? उडून?"

आजाला प्रश्नाचा राग आला. "उडून कशाला? नांगर उचलून खांद्यावर घ्यायचा. नांगर भुईला टेकलेला हाय तवर बैल बांधावर वलनारच. उचललेला दिसला की त्याला कलतं, इथलं काम झालं, आता पुढलं खाचर."

दोघांनी एकाच वेळी काठीकडे पाहिलं.

"नको गो," आजा हळूच म्हणाला. "काठी उचललीस तर उभी कशावर राहशील?"

"याच्यावर."

"तो बैल नाय, पोरी. कुत्रा हाय."

"आज कळलं तुला?"

शनिवारी सकाळी गतिरोधकापाशी मोगऱ्याने पाय टाकला आणि मान वळवली. राहीने मूठ घट्ट धरली. काठी भुईवरून सुटली, खांद्यावर आली. सारा भार त्या एका मुठीवर. मोगऱ्याची पाठ क्षणभर वाकली. त्याने खांद्यावरची काठी पाहिली, पाय रोवले आणि बांध ओलांडला. मागून येणारा आजा रस्त्यातच मटकन बसला.

पुढे आणखी दोन गतिरोधक होते. मग शाळेच्या फाटकाचा उंच उंबरा.

प्रार्थनेची रांग लागली होती. खांद्यावर काठी टाकून, जमीन मोजायला आल्यासारखी, राही उंबऱ्यापाशी आली. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. वेळेत होती.

"कुत्रा कशाला, ते नंतर बघू," ते म्हणाले. "आधी काठी खाली घे."

"सर, आत्ता खाली टेकवली तर आम्ही घरी जाऊ."

सर वाटेतून बाजूला झाले. मग म्हणाले, "राहू दे खांद्यावर. बाकावर बसलीस की ठेव."