दारातला भूतकाळ

सुनेचे आईवडील स्पेनहून येणार, म्हणून बायको रोज सकाळी चहाबरोबर स्पॅनिश घोकते. आज भूतकाळ होता. मध्येच ती वैतागली.

"अहो, 'कामिनामोस' म्हणजे आपण चालतो, आणि आपण चाललो तेही 'कामिनामोस'च! मग कळायचं कसं?"

"मला काय ठाऊक," म्हणत मी चपला घातल्या. "भाजी आणायला चाललो."

ती हसायलाच लागली. "उंबऱ्यात उभे आहात, आणि म्हणे चाललो!"

खरंच की. रूप भूतकाळाचं आणि माणूस अजून दारात! इतकी वर्षं मी तिला 'चाललो' म्हणतोय, पण मी गेलो, असं तिला कधी वाटलं नाही.

"थांबा, मीही येते," ती पुस्तक मिटत म्हणाली.

जिना उतरताना मी म्हटलं, "कामिनामोस."

कुठला काळ, ते तिनं विचारलं नाही.