घर मांडायची यादी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या त्या बाईला सगळे 'मुकी' म्हणत. मुकी ती मुळीच नव्हती. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. गठ्ठे बांधायची दोरी संपली तरी ती शेजारणीकडे मागायची नाही. जुन्या तुकड्यांना गाठी मारत बसायची.

ही भीती लहानपणची. सहा वर्षांची असताना आईवडील गेले आणि मामाने तिला आपल्या घरी आणलं. पहिल्याच आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "आणखी वाढा." मामी म्हणाली, "आणखी? पोट आहे की कोठार?" मामी हसत म्हणाली होती, मामेभावंडंही खिदळली. पोरगी मात्र ताटावरून जी उठली, ती परत त्या घरात काही मागायची नाही असं ठरवूनच. वही नाही, पांघरूण नाही, ताप आला तर औषधही नाही. पुढे नोकरी लागली, बायकांच्या वसतिगृहात खाट मिळाली, तरी मामीचं ते हसू कानात राहिलंच.

चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. धुलाईखान्याच्या फुटक्या खिडकीला काच बसवायला आलेला कारागीर चार दिवसांचं काम अकरा दिवस करत राहिला, तेव्हाच सगळ्यांना काय ते कळलं होतं. दोघांनी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्यांत होता एक दिवा, बाकी नुसत्या भिंती. बोललं की आपलाच आवाज परत यायचा.

"यादी कर," धुलाईखान्याची मुकादमीण म्हणाली. "माझ्या लग्नात सात घड्याळं आली. सात! आणि पाणी प्यायला घरात पेला नव्हता. काय काय हवंय ते लिहून भिंतीवर लाव. ज्याला जे झेपेल त्याच्यापुढे तो नाव घालेल."

"लोक भिकारी म्हणतील, बाई."

"अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आम्ही तर परकी माणसं, आम्हाला कसं कळणार?"

ती यादी करायला बसली. तिने 'चमचे' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. काचवाल्याने कागद ओढून घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: पलंग.

"पलंग?" तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "पलंग कोण देणार?"

"कुणीच नाही दिला तर जमिनीवर झोपू. मागितल्याने काही फुटत नाही गं."

मग उशा, पातेली, दोन खुर्च्या, आरसा असं लिहीत लिहीत सगळ्यात खाली आली बादली. मुकादमिणीने कागद हजेरीच्या वहीवर डकवून टाकला, म्हणजे रोज प्रत्येकाच्या नजरेला पडणार.

पहिल्या दिवशी एकही नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराने आत शिरली. इस्त्रीच्या टेबलाशी चार बायका कुजबुजत होत्या. ती दिसताच गप्प झाल्या. झालं, शोभा झाली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन कागद फाडून टाकायचा असं ठरवून ती गेली, तर पलंगापुढे लिहिलेलं होतं: 'इस्त्रीकडचे सगळे मिळून'. कुजबुज त्याचीच होती. आरशापुढे गठ्ठे नेणाऱ्या गाडीवाल्याचं नाव होतं, पातेल्यांपुढे खुद्द मुकादमिणीचं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती घाबरली ती आणखीच. एवढ्या लोकांनी खरंच आणलं तर त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं?

त्यातच मुकादमीण सहज म्हणाली, "तुझ्या मामाकडे आमंत्रण पाठवलं, त्यात यादीची नक्कलही घातली. तेही पाहुणेच की."

तिच्या हातातली चादर खाली पडली.

लग्नापर्यंतचे नऊ दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. मामी भर लग्नात काय बोलेल, ते ती मनात शंभर वेळा ऐकून बसली होती. नोंदणी कचेरीत सही करताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मामी नव्हती. जेवणाच्या सभागृहात पहिली पंगत बसली आणि दारात मामी उभी राहिली. मागे मामा. मामीच्या हातात घडी घातलेला तो कागद.

"ही यादी तू केलीस?" मामीने तिथूनच विचारलं. आवाज तसाच, खणखणीत. घास घेणारे हात थांबले.

"हो."

"अकरा वर्षं माझ्या घरात राहिलीस. कधी एक चमचा मागितला नाहीस. शेजारणी म्हणायच्या, मामीने पोरीला काय धाकात ठेवलंय बघा! आणि आता गावभर मागतेस?"

काचवाला पुढे सरसावला, पण तिने त्याची बाही धरली.

"तुमच्याकडे मागायची भीती वाटायची, मामी."

मामीने मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे पाहत होता.

"भीती? मी काय खाते की काय माणसं?" मामी म्हणाली. कुणीतरी हसलं, मामी हसली नाही. बराच वेळ ती कागद उलगडत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "यातलं राहिलंय काय?"

"बादली," मुकादमीण म्हणाली. "लग्नात बादली द्यायला सगळ्यांना लाज वाटली."

मामी जेवली, फार न बोलता गेली.

चौथ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. नवी नवरी घरात एकटी होती. दार उघडलं तर मामी, घामाघूम, दोन्ही हातांनी बादली धरलेली. बादलीत पाण्याचा मग, साबणाच्या वड्या आणि घासणी.

मामी पलंगावर टेकली, गादी दाबून पाहिली, चहा प्यायली. जुनं काही निघालं नाही. निघालं असतं तर काय बोलायचं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. नवरी खुर्चीच्या कडेवर बसून कपाकडे पाहत होती. भीती काही चार दिवसांत जात नाही.

मामी निघाली. जिन्यापाशी थबकली. कठडा नव्हता, पायऱ्या उभ्या आणि अंधाऱ्या.

"चढताना काही वाटलं नाही," ती खाली बघत म्हणाली. "आता उतरायची भीती वाटते. जरा हात देतेस?"

तिने हात दिला. मामीचा तळवा ओला होता, बोटं घट्ट आवळलेली. एकेक पायरी मोजून घेत दोघी खाली उतरू लागल्या.